उष्ण समुद्रातले फोरॅमिनिफेरा: शोधण्यापासून मोजण्यापर्यंत

प्रवाळाच्या समुद्रातली चिमूटभर वाळू भिंगाखाली धरली की फोरॅमिनिफेरा, थोडक्यात फोरॅम, या एकपेशीय जीवांची कवचं बहुधा सापडतातच. जपानच्या दक्षिणेकडच्या इरिओमोते आणि ताकेतोमी बेटांवरची प्रसिद्ध ‘चांदण्यांची वाळू’ म्हणजे बॅक्युलोजिप्सिना आणि कॅल्कॅरिना या फोरॅमनी मागे टाकलेली कवचं. मार्शल बेटं आणि तुवालू इथल्या सखल बेटांच्या वाळूतही त्यांचा मोठा वाटा आहे. नवशिक्यांचं घोडं नेमकं इथेच पेंड खातं. कवच सापडलं की जीव सापडला असं वाटतं. मग तो कुठे राहतो, किती खोलीवर राहतो, धडधाकट आहे की आजारी, हे सगळं मेलेल्यांच्या ढिगाऱ्यावरून ठरवलं जातं.

ज्यांना जिवंत फोरॅम बघायचे आहेत, काही महिने पाळायचे आहेत आणि जमलं तर त्यांच्यावरून समुद्राची तब्येत वाचायची आहे, त्यांच्यासाठी ही वाट लिहिली आहे. मोठी प्रयोगशाळा लागत नाही. बरा मायक्रोस्कोप आणि बसून बघायची तयारी मात्र हवी.

काय काय लागेल

समुद्रावर:
- झाकणाची बादली आणि घट्ट झाकणाच्या रुंद तोंडाच्या बरण्या
- मऊ दातांचा टूथब्रश
- थर्मामीटर आणि क्षारता मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर
- पेन्सिल आणि पाण्यात टिकणारा कागद (पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, बरणीच्या आतल्या चिठ्ठीला पेन्सिलच)
- नमुने घेण्याची लेखी परवानगी

टेबलावर:
- १० ते ४० पट मोठं दाखवणारा स्टिरिओ मायक्रोस्कोप, वरून आणि खालून अशा दोन्ही दिव्यांचा
- ६३ मायक्रॉन, १२५ मायक्रॉन आणि १ मिलिमीटरची चाळणी
- पेट्री डिश, ड्रॉपर, ००० नंबरचा ब्रश
- काळ्या तळाच्या मोजणीच्या स्लाइड आणि ट्रॅगाकांथ डिंक
- इथेनॉल, रोझ बेंगाल (पेशीद्रव्य रंगवणारा रंग), बोरॅक्स

परवानगीचं कलम गंमत म्हणून लिहिलेलं नाही. बहुतेक प्रवाळक्षेत्रं संरक्षित असतात. तुम्ही वाळूचे कण उचलत असलात, तरी ज्या दगडावरून उचलता तो मेलेल्या प्रवाळाचा तुकडा असतो आणि अनेक ठिकाणी त्यालाही हात लावायला मनाई असते.

१. आधी जीव समजून घ्या

फोरॅमिनिफेरा म्हणजे एकच पेशी आणि तिने स्वतःभोवती बांधलेलं कप्प्याकप्प्यांचं कवच. पहिला कप्पा इवलासा. पेशी वाढली की त्याला लागून दुसरा, मग तिसरा. काही जाती गोल वळण घेत बांधतात, काही चकतीसारख्या कडेकडेने पसरतात. कवचाच्या भोकांमधून किंवा तोंडातून पेशीद्रव्याचे बारीक धागे बाहेर येतात. हे धागे एकमेकांना जोडले जाऊन जाळं होतं. मायक्रोस्कोपची ताकद वाढवून एकाच धाग्यावर नजर ठेवा. त्यावरून बारीक कण वाहताना दिसतील, काही बाहेरच्या दिशेने आणि काही आतल्या, एकाच धाग्यावर एकाच वेळी. या जाळ्यानेच तो चालतो, चिकटतो, खातो आणि घाण बाहेर टाकतो.

उथळ उष्ण समुद्रातल्या मोठ्या फोरॅमची खासियत निराळी. त्यांच्या पेशीत एकपेशीय शैवल राहतात. शैवल उजेडावर अन्न करतात आणि त्यातलं काही यजमानाला मिळतं. पोषणद्रव्यं कमी असलेल्या निळ्याशार पाण्यात हा व्यवहार फायद्याचा ठरतो. त्याच्या जोरावरच हे जीव एकपेशीय असूनही नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढे होतात: ॲम्फिस्टेजिना दोन-तीन मिलिमीटर, मार्जिनोपोरा दोनेक सेंटीमीटर, आणि खोल, अंधूक उजेडात राहणारा सायक्लोक्लायपियस तर १० सेंटीमीटरच्याही पुढे.

कवचाच्या भिंती तीन तऱ्हेच्या असतात, आणि हा फरक डोक्यात बसला की अर्धी ओळख झाली. काचेसारखी पारदर्शक, बारीक छिद्रांची भिंत: ॲम्फिस्टेजिना, कॅल्कॅरिना, हेटेरोस्टेजिना. चिनीमातीसारखी दुधाळ भिंत: पेनेरोप्लिस, सोरायटीस, मार्जिनोपोरा, क्विन्क्वेलोक्युलिना. आणि वाळूचे कण वेचून, चिकटवून केलेली खडबडीत भिंत: टेक्स्टुलॅरिया.

इतिहासातलं एक प्रकरण इथे कामाचं आहे. आल्सीद दॉर्बिन्यीने १८२६ मध्ये या गटाला फोरॅमिनिफेरा हे नाव दिलं. कप्प्यांची रचना नॉटिलस या शंखवाल्या प्राण्यासारखी दिसली म्हणून त्याने त्यांना ऑक्टोपसच्या नातेवाइकांत, शीर्षपाद मृदुकाय प्राण्यांत बसवलं. फेलिक्स दुजार्दँने जिवंत नमुन्यांतलं पेशीद्रव्य निरखलं आणि १८३५ मध्ये हे सगळे साधे एकपेशीय जीव असल्याचं दाखवून दिलं. कवचावरून बांधलेला अंदाज आणि जिवंत जीव बघून काढलेला निष्कर्ष यांतलं अंतर एवढं मोठं असू शकतं.

२. जागा: पुळणीवर शोधू नका

किनाऱ्यावरच्या वाळूत मेलेले असतात. लाटांनी घासलेले, टोकं मोडलेले, कुठून कुठे वाहत आलेले. जिवंत हवे असतील तर ओहोटीच्या वेळी प्रवाळभित्तीच्या सपाट भागावर जा आणि या तीन जागा बघा:

- आखूड, दाट शेवाळ वाढलेले मुठीएवढे दगड. कॅल्कॅरिना आणि बॅक्युलोजिप्सिना आपले काटे शेवाळात अडकवून लाटांच्या माऱ्यात टिकून राहतात.
- दगडांच्या बाजू आणि सावलीकडचे कोपरे. ॲम्फिस्टेजिनाला उजेड हवा असतो, पण भर दुपारचं ऊन सोसत नाही.
- समुद्री गवताची पाती. सोरायटीसच्या चकत्या तिथे चिकटलेल्या मिळतात, जुन्या पात्यांवर जास्त.

जाण्याआधी आपल्या समुद्रात काय मिळू शकतं ते बघून घ्या. कॅरिबियनमध्ये कॅल्कॅरिना शोधण्यात अर्थ नाही, तो हिंद-प्रशांत भागातला आहे. उलट हिरवट आर्काएस अँग्युलेटस कॅरिबियन आणि फ्लोरिडाकडचा. ॲम्फिस्टेजिना मात्र जवळजवळ सगळ्या उष्ण समुद्रांत भेटतो. हिवाळ्यात पाणी साधारण १४ अंश सेल्सियसच्या खाली जात नाही तिथवर तो पसरू शकतो. सुएझ कालव्यातून ॲम्फिस्टेजिना लोबिफेरा भूमध्य समुद्रात शिरला आणि तिथे त्याने चांगलंच बस्तान बसवलं आहे. सुरुवात करायला याच्यासारखा सोशिक जीव नाही.

३. दगड घासा, पण हळू

बादलीत त्याच जागेचं समुद्राचं पाणी घ्या. दगड पाण्यातून अलगद उचला, लगेच बादलीत बुडवा आणि टूथब्रशने सगळ्या बाजूंनी घासा. वर उचलून धरलात तर निथळणाऱ्या पाण्याबरोबर निम्मे जीव निसटतात. घासून झाल्यावर दगड जिथला तिथे, ज्या बाजूवर होता त्याच बाजूवर ठेवा. खालच्या बाजूला इतरांचे संसार असतात.

पुढे मोजणी करायची असेल तर दगड परत ठेवण्याआधी आलेखाच्या कागदावर त्याची बाह्यरेषा काढून घ्या. किती क्षेत्रफळावरून किती जीव मिळाले हे नंतर आठवून सांगता येत नाही.

बादली ढवळा, क्षणभर थांबा, वरचं गढूळ पाणी ओतून द्या. फोरॅम जड असतात, तळाशी बसतात. असं तीन-चार वेळा करा. पाणी प्रत्येक वेळी समुद्राचंच. नळाच्या पाण्याने जिवंत नमुना धुतलात तर तिथेच खेळ आटोपला. परतीच्या प्रवासात बरणी सावलीत ठेवा आणि पाणी तळातल्या गाळाच्या कितीतरी पट असू द्या. गाळात सडणारं शेवाळ जास्त असलं की प्राणवायू संपतो.

४. एक रात्र थांबा

तळातला गाळ पसरट काचेच्या भांड्यात पातळ थरात पसरा, वर दोन-तीन सेंटीमीटर समुद्राचं पाणी, मंद उजेड, आणि हात लावू नका. जे जिवंत आहेत ते रात्रीत गाळातून वर येतात आणि काही तर काचेच्या भिंतीवर चढतात. सकाळी ॲम्फिस्टेजिना काचेला चिकटलेले दिसले की ते मऊ ब्रशने सोडवून दुसऱ्या भांड्यात घ्या. ही निवड फोरॅमने स्वतःच केलेली असते आणि आपल्या डोळ्यांपेक्षा ती भरवशाची आहे.

कॅल्कॅरिनासारखे शेवाळात गुंतणारे जीव मात्र भिंत चढतीलच असं नाही. चढला नाही म्हणजे मेला, असं समजून फेकू नका.

५. जिवंत की मेलेला?

सगळ्यात जास्त गफलत इथे होते, म्हणून या पायरीला वेळ द्या.

पहिली खूण रंगाची. कवच स्वतः बहुतेकदा बिनरंगी किंवा पांढरं असतं. दिसतो तो आतल्या शैवलांचा रंग. ॲम्फिस्टेजिना आणि कॅल्कॅरिनात डायाटम असतात म्हणून ते सोनेरी-तपकिरी. पेनेरोप्लिसमध्ये लाल शैवल, म्हणून जांभळट-गुलाबी छटा. आर्काएसमध्ये हिरवे शैवल. सोरायटीस आणि मार्जिनोपोरात, प्रवाळांत असतात त्याच घराण्यातले डायनोफ्लॅजेलेट, म्हणून तपकिरी-शेवाळी. निरोगी जीवात हा रंग सलग पसरलेला असतो. शेवटचा एखादा कप्पा फिकट असला तर चालतं.

आता या खुणेतल्या खाचाखोचा:

- मेलेल्या कवचाला भोकं पाडून आत राहणारे हिरवे शैवल असतात. त्यांचा हिरवेपणा ठिपक्याठिपक्यांचा, भिंतीतच मुरलेला दिसतो. कप्प्यांच्या रेषा तो पाळत नाही.
- होमोट्रेमा रुब्रमचा लाल रंग कवचातच असतो आणि मेल्यावरही जात नाही. बर्म्युडाच्या गुलाबी वाळूची गुलाबी छटा यानेच आली आहे. तिथे रंगावरून जिवंतपणा ठरवणं व्यर्थ आहे.
- शैवल न बाळगणारे छोटे फोरॅम जिवंतपणीही फिकेच असतात.
- पांढरे डाग पडलेला ॲम्फिस्टेजिना मेलेला नसतो, त्याने शैवल गमावलेले असू शकतात. फ्लोरिडा कीजमध्ये १९९१ च्या उन्हाळ्यात हे प्रथम ठळकपणे नजरेत आलं. प्रवाळांच्या विरंजनाशी याचं नातं आहे, पण वेळ जुळत नाही. प्रवाळ पाणी सगळ्यात तापतं तेव्हा, उन्हाळ्याच्या शेवटाकडे पांढरे पडतात. ॲम्फिस्टेजिनाला प्रखर उजेडच जास्त झोंबतो, म्हणून तो सगळ्यात मोठ्या दिवसाच्या आसपासच डागाळू लागतो.

दुसरी, खात्रीची खूण हालचालीची. शंका असलेला जीव स्वच्छ पेट्री डिशमध्ये एकटा ठेवा, जागा खालून पेन्सिलने खुणावा आणि काही तासांनी बघा. जागा बदलली असेल, काचेला घट्ट धरलं असेल किंवा भोवती धाग्यांचं जाळं दिसलं, तर प्रश्नच मिटला. जाळं बघायला दिवा तिरका करा, सरळ उजेडात धागे लपतात.

६. नाव लावणं

क्रम असा ठेवा: भिंत, मग कप्प्यांची मांडणी, मग तोंड, आणि सगळ्यात शेवटी एकूण आकार. नवशिके उलट दिशेने जातात आणि फसतात, कारण एकूण आकार परिस्थितीप्रमाणे बदलतो. उथळ, उजेडाच्या, लाटांच्या पाण्यात ॲम्फिस्टेजिना लोबिफेरा फुगीर आणि जाड भिंतीचा असतो. खोलीकडच्या ॲम्फिस्टेजिना पॅपिलोझापर्यंत जाता जाता कवचं चपटी आणि पातळ होत जातात. अंधारात जास्त उजेड पकडायचा तर पसरट होणं परवडतं. एकाच जातीतही खोलीप्रमाणे हा फरक थोडाफार पडतोच.

आणखी एक सापळा पिढ्यांचा. या जीवांत लैंगिक आणि अलैंगिक पिढ्या आलटून पालटून येतात. अलैंगिक रीतीने जन्मलेल्याचा पहिला कप्पा मोठा असतो. लैंगिक मीलनातून आलेल्याचा पहिला कप्पा अगदी लहान, पण तो जीव वाढून बहुधा पहिल्या तऱ्हेच्या जीवापेक्षा मोठा होतो. गिझाच्या पिरॅमिडच्या चुनखडीत जे नाण्यांसारखे पडलेले दिसतात त्या न्युम्युलाइट्स या जीवाश्म फोरॅममध्ये हा फरक इतका ठसठशीत आहे की जुन्या अभ्यासकांनी एकाच जातीच्या दोन पिढ्यांना दोन नावं देऊन ठेवली होती. तेव्हा एका जागी दोन मापांचे सारखे दिसणारे फोरॅम मिळाले तर नव्या जातीची घोषणा करण्याआधी पहिला कप्पा बघा. नावाचं आजचं मान्य रूप जागतिक फोरॅमिनिफेरा डेटाबेसवर तपासता येतं. जुन्या पुस्तकांतली बरीच नावं आता बदलली आहेत.

७. पाळणं आणि नवा कप्पा बघणं

गाळलेलं समुद्राचं पाणी, २४ ते २७ अंश तापमान, बारा तास मंद उजेड आणि बारा तास अंधार. थेट ऊन अजिबात नको. आठवड्यातून एकदा पाणी बदला. खाऊ घालण्याची हौस आवरा: शैवलवाल्या जातींना थोडंसं डायाटमचं खाद्य पुरतं, जास्त झालं तर भांड्यात शेवाळ माजतं आणि फोरॅम त्याखाली दबतात.

भांड्यावर झाकण हवंच. पाणी उडालं की मीठ मागे राहतं आणि क्षारता गुपचूप चढते. पातळी भरून काढायची ती ऊर्ध्वपातित पाण्याने, कारण समुद्राचं पाणी घातलं तर मीठ आणखी वाढतं. रिफ्रॅक्टोमीटरवर क्षारता दर हजारी ३४ ते ३६ च्या दरम्यान राहू द्या.

एखादा ॲम्फिस्टेजिना एका जागी थांबून अंगाभोवती शैवलाचे तुकडे आणि कचरा गोळा करू लागला, तर इतर कामं बाजूला ठेवा. नवा कप्पा बांधायची ही तयारी आहे. त्या आडोशात धागे पुढे येऊन पुढच्या कप्प्याचा घुमट आखतात, त्यावर एक पातळ सेंद्रिय पडदा धरतो आणि पडद्याच्या दोन्ही अंगांनी कॅल्साइट साचतं. काही तासांत पारदर्शक नवा कप्पा तयार. त्याच वेळी जुन्या कवचावरही एक थर चढतो, म्हणून जुने कप्पे जाडजूड दिसतात. कॅल्साइट बसायला आतला सामू (pH) वाढवावा लागतो. त्यासाठी पेशी हायड्रोजन आयन बाहेर ढकलते आणि कवचालगतचं पाणी तेवढ्यापुरतं आम्लतेकडे झुकतं. समुद्राचं पाणीच आम्लतेकडे सरकू लागलं तर या ढकलण्याची मेहनत वाढते.

दुधाळ भिंतीच्या जातींची रीत वेगळी. त्या कॅल्साइटच्या सूक्ष्म सुया पेशीच्या आतच बनवतात आणि बाहेर आणून रचतात. सुयांचा तो गुंता प्रकाश विखुरतो, म्हणून भिंत अपारदर्शक.

कधी एखादा धष्टपुष्ट ॲम्फिस्टेजिना बघता बघता पांढरा पडेल. पाणी बिघडलं असं वाटून घाई करू नका, कडेला नीट बघा. अलैंगिक प्रजननात पालकाचं सगळं पेशीद्रव्य शैवलांसकट पिल्लांत वाटलं जातं. रिकाम्या कवचाभोवती तपकिरी ठिपक्यांचा घोळका दिसेल. ही दोन-तीन कप्प्यांची पिल्लं, कधी काहीशे. पालक संपलेला असतो. त्यांना पहिले काही दिवस हलवू नका, पाणी बदलताना ड्रॉपरने ओढली जातात.

८. जतन: फॉर्मॅलिनची बरणी बाजूला ठेवा

साधं फॉर्मॅलिन आम्लधर्मी असतं आणि कवच खाऊन टाकतं. वापरायचंच असेल तर बोरॅक्स घालून सामू साधून घ्या. बरं म्हणजे ७० टक्क्यांहून अधिक तीव्रतेचं इथेनॉल, पण तेही वर्षानुवर्षं न तपासता ठेवू नका.

नमुना घेताना कोण जिवंत होतं हे नंतर कळावं म्हणून रोझ बेंगाल वापरतात: एक लिटर इथेनॉलमध्ये दोन ग्रॅम, निदान १४ दिवस. ते प्रथिनांना गुलाबी रंगवतं. यातली मेख अशी की नुकत्याच मेलेल्याचं न कुजलेलं पेशीद्रव्यही रंगतं. मोठ्या फोरॅममध्ये शैवलांचा मूळ रंग आणि दुधाळ भिंत यांच्यामागे गुलाबी लपतो. ओला करून बघा, तरीही कळलं नाही तर एक कप्पा फोडून बघा. मोठ्या जातींसाठी माझा कौल ताज्या नमुन्याच्या रंग-हालचालीला आहे, रोझ बेंगाल छोट्यांसाठी ठेवा.

मेलेल्या कवचांचा गाळ ६३ मायक्रॉनच्या चाळणीत गोड्या पाण्याने धुवा. मीठ राहिलं तर त्याचे स्फटिक तोंडं झाकतात. मंद उष्णतेवर वाळवा. कार्बन टेट्राक्लोराइडवर कवचं तरंगवण्याची जुनी कृती कुठे वाचलीत तर पान उलटा, ते विषारी आहे.

९. मोजणी आणि फोरॅम निर्देशांक

पामेला हॅलॉक आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक सोपा निर्देशांक मांडला. वरच्या थरातल्या गाळातून साधारण १५० ते २०० कवचं वेचायची आणि तीन गटांत वाटायची: शैवल बाळगणारे मोठे, ताण सहन करणारे संधिसाधू (अमोनिया, एल्फिडियम, बोलिव्हिना वगैरे), आणि उरलेले छोटे परपोषी. पहिल्या गटाचं प्रमाण गुणिले १०, दुसऱ्याचं गुणिले १, तिसऱ्याचं गुणिले २, आणि बेरीज. १५० पैकी ९० मोठे, १५ संधिसाधू, ४५ इतर असतील तर ६ अधिक ०.१ अधिक ०.६, म्हणजे ६.७. चारच्या वर म्हणजे पाणी भित्तीच्या वाढीला पोषक, दोनच्या खाली म्हणजे प्रतिकूल, मधलं काठावरचं. गणित करून बघितलंत तर दिसेल की शैवलवाले पाव हिस्सा आणि उरलेले बहुतेक छोटे परपोषी असले की आकडा चारच्या आसपास पोचतोच.

हा निर्देशांक मेलेल्यांसकट सगळ्या कवचांवर बेतलेला आहे, म्हणजे तो गेल्या कित्येक वर्षांची सरासरी सांगतो. लाटांनी बारीक कवचं वाहून नेली असतील तर मोठ्यांचा टक्का फुकट फुगतो. उलट पेनेरोप्लिस-सोरायटीसची जास्त मॅग्नेशियमची कवचं लवकर विरघळतात, त्यांचा टक्का घसरतो. म्हणून गाळाचा पोत लिहून ठेवल्याशिवाय आकडा कुणाला देऊ नका.

दगडावरच्या जिवंतांची मोजणी वेगळ्या वहीत ठेवा: दर १०० चौरस सेंटीमीटरला किती, त्यातले डागाळलेले किती, पिल्लं किती, पाण्याचं तापमान काय. निर्देशांक सहाच्या वर आणि दगडावरचे अर्धे ॲम्फिस्टेजिना डागाळलेले, असं एकाच दिवशी मिळू शकतं, आणि दोन्ही आकडे खरे असतात. अशा वेळी सगळ्यात मोठा दिवस उलटून महिना-दोन महिने झाले की त्याच जागी, तेवढ्याच खोलीवरचे दगड पुन्हा घासा. डागाळलेल्यांचा टक्का उतरला आणि पिल्लं दिसू लागली तर तो उजेडाचा ताण होता. टक्का तसाच राहिला तर पाण्याची पोषणद्रव्यं आणि गढूळपणा तपासायला घ्या.